बर्फाच्या कडेची रानफुलं: बडोद्याहून नोंदी करायला निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मे महिना लागला की आमच्या बडोद्यातल्या गटाकडे ठरावीक प्रश्न यायला लागतात. गढवालात हिमनद्यांच्या आसपास उगवणाऱ्या रानफुलांच्या नोंदी करणं हा आमचा उद्योग. नव्याने येणाऱ्यांना दरवेळी तेच सांगत बसण्यापेक्षा उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. क्रम महत्त्वाचा नाही, पण पहिला प्रश्न सगळ्यांनी वाचावा.

फुलं तोडून आणता येतात का?

नाही. हा प्रश्न सर्वात जास्त विचारला जातो आणि "नाही" म्हटल्यावर "अहो, एखादंच" असंही बहुतेकदा येतं. एखादंही नाही.

व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, गंगोत्रीचा परिसर १९८९ पासून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय रोप, फूल, बी, मुळी काहीही काढणं हा गुन्हा आहे. गळून पडलेलं फूलसुद्धा त्यात आलं. उद्यानाच्या बाहेरची जमीनही बहुतेक ठिकाणी वनखात्याची असते, त्यामुळे "हद्द संपली, आता चालेल" हा हिशेबही चुकीचा. कुष्ठ (सॉसुरिया कॉस्टस) तर कायद्याच्या अनुसूचीत नावानिशी आहे, शिवाय तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' कराराचं सर्वात कडक बंधन आहे. जटामांसी आणि कुटकीही त्याच कराराच्या दुसऱ्या यादीत आहेत.

कायदा घटकाभर बाजूला ठेवू. निळी खसखस, म्हणजे मेकोनॉप्सिस ॲक्युलिआटा, हिचं उदाहरण घ्या. खडकाच्या कपारीत ती आधी नुसत्या काटेरी पानांचा झुबका होऊन राहते. मग एका उन्हाळ्यात दांडा वर येतो, त्यावर निळी, रेशमासारखी चुरगळलेली फुलं लागतात, मधोमध पिवळ्या-नारिंगी पुंकेसरांचा गुच्छ. बी धरलं की आख्खं रोप मरतं. आयुष्यात एकदाच फुलणारं झाड आहे ते. फुललेला दांडा खुडला तर त्या झाडाचं पुढे काहीच उरत नाही.

मग 'संग्रह' कसला करता?

नोंदींचा. फोटो, तारीख, जागा, उंची, जमीन कशी होती, शेजारी काय होतं. नीट केलेली एका साध्या फुलाची नोंद ही वहीत चुरगळलेल्या दुर्मीळ फुलापेक्षा कितीतरी कामाची असते, असं आमचं ठाम मत आहे आणि ते बदलण्याची शक्यता कमी.

मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. मला खरोखरच नमुने हवे आहेत.

मग रस्ता वेगळा. आधी तुमच्या विभागाचं पत्र, मग वनखात्याकडे अर्ज आणि लेखी परवानगी. कोणती जात, किती नमुने, कुठून, हे त्यात आधीच लिहावं लागतं. ऐनवेळी जोशीमठला पोहोचून हे होत नाही, काही महिने हातात ठेवा. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं स्वतःचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे. तिथली शीट्स, म्हणजे नमुने चिकटवलेले कागद, निघण्याआधी जरूर बघा. हिमालयातल्या वनस्पतींसाठी डेहराडूनला दोन मोठे संग्रह आहेत, एक भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या उत्तर विभागाचा आणि दुसरा वन संशोधन संस्थेचा. तुम्हाला हवी ती जात तिथे आधीच पन्नास शीटांवर असेल, तर एक्कावन्नावी कशाला, हा प्रश्न स्वतःला विचारा.

परवानगी मिळालीच, तर चार गोष्टी सांभाळा. प्रेसमधले, म्हणजे रोपं दाबून वाळवायच्या फळ्यांमधले, कागद पहिल्या आठवड्यात रोज बदला. पावसाळी हवेत दिवसातून दोनदा बदलले तरी जास्त होत नाही. र्‍होडिओला, सेडम यांच्यासारखी गुबगुबीत पानांची रोपं प्रेसमध्येही जिवंत राहून वाढत बसतात, म्हणून दाबण्याआधी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवावी लागतात. निळा-जांभळा रंग वाळल्यावर हमखास उडतो, तेव्हा रंग ताज्या फुलावरून लेबलवर लिहा. आणि शीट बडोद्यात आणल्यावर खरी परीक्षा ऑगस्टच्या दमट हवेची. बुरशी आणि कपाटातले किडे, दोघेही टपलेले असतात. पूर्वी रसकापराचं द्रावण लावायचे, पण ते जबर विषारी आहे. आता प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवतात.

नवख्यानं कुठे जावं?

तीन जागा सांगतो, तिन्हींचा स्वभाव वेगळा.

पहिली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स. गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप, तिथून घांघरियापर्यंत पायी किंवा खेचरावर. घांघरिया सुमारे ३,०५० मीटरवर आहे. दरीत रात्री राहता येत नाही, रोज घांघरियाहून जायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं. खेचरं दरीत सोडत नाहीत, हे फुलांच्या दृष्टीने चांगलंच आहे. दरीतून वाहणारी पुष्पावती टिपरा हिमनदीतून निघते. १९३१ मध्ये कामेट शिखर सर करून उतरताना फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सोबती या दरीत शिरले, तेव्हापासून बाहेरच्या जगात तिचा गवगवा झाला. स्माइथ १९३७ मध्ये परत आले ते खास फुलांसाठी. त्यानंतर १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग इथल्या वनस्पती गोळा करायला आल्या आणि कड्यावरून पडून गेल्या. त्यांची कबर दरीतच आहे. आमच्यातले काही जण तिथे टोपी काढतात. मग लगेच कामाला लागतात, कारण कबरीभोवतीच्या गवतात बघण्यासारखं पुष्कळ असतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ब्रह्मकमळ आणि निळी खसखस बघायची हौस असेल तर दरीपेक्षा हेमकुंडची वाट धरा. चढ दमवणारा आहे, पण चार हजार मीटरच्या आसपास वाटेच्या कडेलाच दोन्ही भेटतात.

दुसरी जागा गंगोत्री ते गोमुख. इथे फुलं कमी आणि हिमनदी जास्त. रोज १५० जणांनाच परवाना मिळतो, तेव्हा तो आधी काढा. चिरबासाचे देवदार-चीड मागे पडले की भोजबासापर्यंत भूर्जाची थोडी झाडं आणि मग उघडी खडी. गर्दी फुलांची नाही म्हणून नाराज होऊ नका. आमच्या मते नोंदी शिकायला हीच जागा सर्वोत्तम. का, ते पुढच्या प्रश्नात.

तिसरी लाहौल. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून तासाभरात पलीकडे जाता येतं. पाऊस डोंगराच्या अलीकडेच अडतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये वही कोरडी राहते. फुलं वेगळी, रानगुलाब आणि काटेरी कॅरागानाची.

बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, तंबू ठोकायचं डोक्यात असेल तर काढून टाका. उत्तराखंड उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तिथल्या रात्रीच्या मुक्कामावर बंदी घातली आहे.

हिमनदीच्या तोंडाशी नुसते दगड असतात. तिथे काय उगवणार?

इथेच तर मजा आहे.

हिमनदी मागे सरकते तेव्हा मागे खडी, वाळू आणि मोठाले धोंडे टाकून जाते. त्या जमिनीत ना माती, ना कुजलेलं पान, ना नायट्रोजन. तिथे आधी शेवाळ आणि दगडफूल येतं, आणि त्यांच्या बरोबरीने काही धीट फुलझाडं. सगळ्यात देखणं एपिलोबियम लॅटिफोलियम. खडीच्या पट्ट्यात वीतभर उंचीचे झुबके, पानं राखाडी-हिरवी, आणि त्यांच्यावर चार पाकळ्यांची ठसठशीत गुलाबी फुलं. हेच फूल ग्रीनलंडचं राष्ट्रीय फूल आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या हिमनद्या आणि आपल्या गंगेचा उगम, दोन्हीकडे खडीवर वस्ती करणारं झाड एकच. दुसरी ऑक्सिरिया डायजिना. आपल्या आंबट चुक्याच्या कुळातली, मूत्रपिंडाच्या आकाराची पानं, फुलं इतकी बारीक की शेजारून माणसं निघून जातात. तीही आर्क्टिक, आल्प्स आणि हिमालय अशी सगळीकडे सापडते.

आता गोमुखाची गंमत. १९३५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ऑडेन यांनी हिमनदीचं तोंड कुठे आहे ते मोजून नकाशावर मांडलं. तेव्हापासून ते एक किलोमीटरहून जास्त मागे गेलं आहे. म्हणजे त्या वेळच्या रेषेपासून आजच्या तोंडापर्यंत जे काही उगवलंय, ते सगळं त्यानंतरचं. तुम्ही वर चालत जाता तसतशी पायाखालची जमीन कोवळी होत जाते. दर दोनशे पावलांवर थांबून "इथे काय काय आहे" एवढं जरी लिहिलं, तरी कोण आधी येतं आणि कोण मागून, हे तुमच्याच वहीत उलगडायला लागतं. अशा नोंदीला तारीख नसेल तर मात्र ती शून्य. हिमनदी जागेवर राहत नाही, पाच वर्षांनी तीच जागा तोंडापासून आणखी लांब असेल.

आणि हो, प्रत्यक्ष तोंडाजवळ जायचं नाही. बर्फाचे कडे न सांगता कोसळतात. परवान्यात आखून दिलेल्या जागेच्या पुढे आमच्याबरोबर आलेलं कोणीही जात नाही.

एवढ्या थंडीत झाडं जगतात कशी?

बुटकी राहून, हे अर्धं उत्तर. अँड्रोसेसची उशीसारखी गादी जमिनीला इतकी चिकटलेली असते की वारा वरून जातो आणि आत ऊब टिकते. फेनकमळ (सॉसुरिया गॉसिपिफोरा) स्वतःला पांढऱ्या लोकरीत गुंडाळून घेतं, वर फक्त एक भोक ठेवतं, आणि त्यातून भुंगे आत शिरतात. ब्रह्मकमळाभोवतीची फिकट पिवळी, कागदासारखी आवरणं म्हणजे पाकळ्या नव्हेत. ती पानंच आहेत, उजेड आत घेणारी आणि गारठा-पाऊस बाहेर ठेवणारी. खरी फुलं आत, जांभळी, एकमेकांना खेटून बसलेली.

आमच्या गच्चीतलं ब्रह्मकमळ तेच का?

नाही. रात्री फुलणारं, शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो ते, मूळचं मेक्सिकोकडचं निवडुंग आहे. हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं. आपली हौस खरी, झाड दुसरं.

तिथले लोक ब्रह्मकमळ देवाला वाहतात. मग आम्हीच का नाही?

गढवालातल्या गावांची ती जुनी रीत आहे. ती त्यांची, त्यांच्या नियमांनी चालते. आपण बडोद्याहून जाऊन त्यात भर घालायचं कारण नाही. देवाला इथूनच मोगरा वाहा.

कधी निघावं?

व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते. पण कॅलेंडरपेक्षा बर्फ कुठे वितळतोय ते बघा. जूनमध्ये वितळत्या बर्फाच्या अगदी कडेला प्रिम्युला फुलतात, अक्षरशः बर्फाला टेकून. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सगळ्यात गर्दी, फुलांची आणि माणसांची. त्याच काळात दरडीही कोसळतात, तेव्हा परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. सप्टेंबर आम्हाला आवडतो. जेन्शियाना असतात, फळं धरलेली असतात, आणि ओळख पटवायला फळ फुलाइतकंच उपयोगी पडतं.

एका रोपाची नोंद कशी करायची?

आधी फोटो न काढता मिनिटभर नुसतं बघायचं. मग फोटो: आख्खं रोप आजूबाजूच्या जमिनीसकट, फूल समोरून, फूल बाजूनं आणि मागून (देठाशी असलेली हिरवी दलं दिसली पाहिजेत), पान वरून, पान खालून, खोडाची लव, असल्यास फळ. पानाची खालची बाजू सगळे विसरतात. लाल पोटेंटिला, म्हणजे पोटेंटिला ॲट्रोसँग्विनिया, तिची तीन पर्णिका असलेली पानं वरून साधी हिरवी, पण बोटानं हलकेच उलटली की खाली चांदीसारखी पांढरी लव. हा फोटो नसेल तर नंतर घरी बसून भांडणं होतात. पान तोडायचं नाही, उलटून परत सोडायचं. मापासाठी शेजारी पट्टी ठेवा, नाणं नको, कारण नाणी बदलत राहतात.

मग वही. आमच्याकडे नोंद साधारण अशी दिसते:

"भोजबासाच्या पुढे, वाटेच्या वरच्या अंगाला. बारीक खडीचा उतार, दक्षिणेकडे तोंड, कोरडा. एपिलोबियम (?), झुबके विखुरलेले, बरेचसे फुललेले, खालची फुलं झडून शेंगा धरायला लागलेल्या. शेजारी ऑक्सिरिया, एक गवत (ओळख नाही). भुंगे येत होते. ऊन, वारा जोरात. सकाळी दहा."

त्या कंसातल्या प्रश्नचिन्हाला लाजू नका. खात्री नसताना ठोकून दिलेलं नाव दुसऱ्याला वर्षानुवर्षं चुकीच्या वाटेला लावतं.

उंची मोबाइलवरून घेतलीत तर तसं लिहा. अरुंद दरीत मोबाइलची उंची बरीच इकडेतिकडे होते. नकाशावरच्या माहितीच्या जागेशी ताडून बघा. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतो, फक्त नकाशे आधी उतरवून ठेवा. आणि वेगळा कॅमेरा नेत असाल तर त्याचं घड्याळ बडोद्यातच मोबाइलशी जुळवा.

स्थानिकांनी सांगितलेलं नाव वेगळ्या ओळीत, कोणत्या गावात ऐकलं त्यासकट लिहा. पुलना-भ्यूंडारकडची माणसं या झाडांना आपल्यापेक्षा पिढ्यान्‌पिढ्या जास्त ओळखतात. "भैजी, याला काय म्हणता?" असं नीट विचारलं की चहासुद्धा मिळतो.

मोठा कॅमेरा लागतो का?

नाही. मोबाइल आणि एक साधं भिंग पुरे. पांढरी छत्री मात्र घ्या. ती वारा अडवते, ऊन मऊ करते, पाऊस आला तर छत्रीचंही काम करते. फोटोसाठी आडवं पडताना आपल्या पोटाखाली काय चिरडतंय ते आधी बघा. नव्या माणसाची सगळी नजर एका फुलावर असते आणि गुडघा दुसऱ्यावर.

ॲप नाव सांगतं. मग ओळखायला शिकायचं कशाला?

आयनॅचरॅलिस्ट आम्हीही वापरतो, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलही. ॲपचं उत्तर ही सुरुवात समजा. पेडिक्युलॅरिसच्या जाती फुलाच्या चोचीच्या वळणावरून वेगळ्या होतात, आणि वरून काढलेल्या फोटोत ती चोच दिसतच नाही. अशा वेळी नुसतं 'पेडिक्युलॅरिस' लिहून थांबा, नेमकी जात जाणकारांवर सोडा.

जागा सगळ्यांना दिसू द्यावी का?

साध्या फुलांची खुशाल. औषधी मुळ्यांची नाही. आपल्या बाळगुटीतलं अतिविष आठवतंय? सहाणेवर एक वळसा उगाळतात तो कडू तुकडा? तो याच उंचीवरच्या ॲकोनायटम हेटेरोफायलमची मुळी. फूल टोपडं घातल्यासारखं, फिकट निळसर-हिरवं, आत जांभळ्या शिरा. मुळी खणली की झाड संपतं, आणि नेमकी जागा कळली की खणणारे पोहोचतात. अतिविष, कुटकी, जटामांसी, सालमपंजा यांची जागा ॲपमध्ये 'धूसर' करून टाका. वहीत खरी राहू द्या.

ॲकोनायटमच्या इतर काही जाती भयंकर विषारी आहेत. कोणतंही पान, मूळ तोंडात घालून बघायचं नाही, कितीही ओळखीचं वाटलं तरी.

आम्ही बडोद्याचे, समुद्रसपाटीची माणसं. झेपेल का?

बडोदा जेमतेम ४० मीटरवर. चार हजार मीटरवर हवेचा दाब आपल्या इथल्या साठेक टक्केच असतो. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. गंगोत्रीला पोहोचल्या दिवशीच पुढे धावू नका, एक दिवस तिथेच काढा. डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर चढणं थांबवायचं, वाढली किंवा चालताना झोक जायला लागला तर लगेच उतरायचं. गोळ्यांचं आपल्या डॉक्टरांना विचारा. वरच्या फुलांच्या वासानं चक्कर येते असं डोंगरात सांगतात. चक्कर खरी असते, पण ती फुलांमुळे नाही, कमी ऑक्सिजनमुळे येते. फुलांवर ढकलून वर चढत राहणं महागात पडतं.

वयाची अट नाही. गुडघ्यांची आहे.

एवढ्या नोंदींचा उपयोग कोणाला?

एक ठळक उदाहरण देतो. व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये अमेला नावाचं पुरुषभर उंच वाढणारं झाड पसरत गेलं आहे आणि त्याच्या सावलीत छोटी फुलं दबतात. उद्यानाचे लोक दरवर्षी ते उपटतात. ते कुठे वाढलं, कुठे हटलं, हटल्यावर तिथे काय परतलं, हे वर्षानुवर्षांच्या तारखेसहित नोंदींतूनच कळतं. हिमनदी सरकण्याचं, फुलं लवकर येण्याचंही तसंच. एकट्या माणसाची वही तोकडी पडते, दहा जणांच्या वह्या एकाच पद्धतीनं लिहिलेल्या असल्या तर अभ्यासकाला वापरता येतात. म्हणून आम्ही पद्धतीबाबत इतके हट्टी आहोत.

मुलांना आणू का?

दहा वर्षांच्या वरची आणा. त्यांना पानाची खालची बाजू आठवते.

यंदा जमणार नाही. बडोद्यात राहून काय करू?

एकदांडीपासून सुरुवात करा. फुटपाथच्या कडेला, सोसायटीच्या कंपाउंडला, कुठेही मिळेल. ती ब्रह्मकमळाच्याच कुळातली. जे एक फूल वाटतं ते भिंगाखाली धरा, बारीक बारीक कितीतरी फुलांचा गुच्छ निघेल. कडेची, मधली, खालची हिरवी आवरणं, सगळ्यांचे फोटो घ्या आणि वर दिली तशी पूर्ण नोंद लिहा. हे तण आहे, इथे तोडलंत तरी कोणी काही म्हणणार नाही, पण न तोडता करायची सवय लावा. पावसाची पहिली सर झाली की पावागड. उताराच्या वेगवेगळ्या उंचीवर काय फुलतं ते टिपलंत, तर हिमालयात तेच करायचंय, फक्त धाप जास्त लागेल.

महिन्यातून एका रविवारी आम्ही कमाटीबागेत भेटतो. वही, पट्टी आणि पेन्सिल घेऊन या. पेन नको, पावसात शाई फुटते.